दुखऱ्याची पेटी

बेला पिरी चिडली की आधी तिचे कान लाल होतात आणि मग तोंड सुटतं. पोर्टलॉगी या मासेमारीच्या बंदरगावात हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कान लाल झाले की शहाणी माणसं वाट बदलतात. त्या सोमवारी सकाळी ती खिडकीशी उभी होती आणि तिचे कान उकडलेल्या खेकड्यासारखे झाले होते.

मागे खुर्चीवर तिचा धाकटा भाऊ सँडी बसला होता. दाढी केलेली, धुतलेला स्वेटर, मांडीवर बॅग. बॅगेचा पट्टा तो गुंडाळत होता आणि सोडत होता. गाडी यायची वेळ टळून बराच वेळ झाला होता.

"येत नाहीत ते," सँडी म्हणाला. "माझ्यासारख्याला कोण न्यायला येणार?"

"गप्प बस आणि ती भाकर खा." भाकर म्हणजे बेकरीतला तो चपटा, लोण्याने निथळणारा पाव. पोर्टलॉगीत दुसरा नाश्ता कुणी जाणत नाही.

"खाववत नाही गं."

"मग हातात धर. पट्टा तुटेल तो."

तिचा आवाज खणखणीत होता, पण नजर रस्त्यावरून हलत नव्हती. सँडी आज तयार होता. उद्या असेल याची हमी देवसुद्धा देणार नाही. चाळीशी उलटलेला हा बाप्या, बोटीवरचा एके काळचा सगळ्यात चपळ खलाशी. आधी पावडर, मग गोळ्या, मग नुसती व्होडका. दोनदा तिने त्याला नाल्याकाठून उचलून आणला होता. सरकारी दवाखान्याने नाही म्हटलं नव्हतं, फक्त रांगेत उभं केलं होतं. रांग एवढी लांब की माणूस आधी पोचेल की त्याचं मर्तिक, सांगता येऊ नये. म्हणून डोंगरातलं ग्लेनफर्नचं व्यसनमुक्ती केंद्र. तिथले लोक गाडी पाठवून नेतात, बारा आठवडे ठेवून घेतात, पण पैसे मोजून. आणि मासे कापायच्या शेडमध्ये उभं राहून बेलाला मिळतं ते कोळसा आणि किराणा यातच संपतं.

मग पैसे आले कुठून? पेटीतून.

पोर्टलॉगीची ही जुनी रीत. समुद्रावर कुणी जायबंदी झालं, कुणाचा हात जाळं ओढायच्या विंचमध्ये सापडला, की परतणारी प्रत्येक बोट एक पेटी बाजूला काढते. तिला म्हणतात दुखऱ्याची पेटी. पेटीवर खडूने त्या घराचं टोपणनाव लिहायचं, आणि लिलावात तिचे जे येतील ते त्या घरी जायचे. अट एकच. घरातल्या कुणीतरी धक्क्यावर यायचं, आणि चारचौघांसमोर नाव उच्चारून पेटी मागायची. चिठ्ठी चालत नाही, निरोप चालत नाही.

बेला गेली होती. धक्क्यावरच्या जाळ्यांच्या गोदामात बोटींचे सगळे तांडेल जमले होते. तिने सँडीसाठी पेटी मागितली. मग उठला तो किंग.

किंग म्हणजे अलेक्झांडर पिरी. आता पोर्टलॉगीत निम्मं गाव पिरी, आणि आजोबाचं नाव नातवाला द्यायची खोड, त्यामुळे धक्क्यावर कुणी 'सँडी' म्हणून ओरडलं तर निदान अर्धा डझन माना वळतात. म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव. बेलाचं घर 'शेव्ही'. आणि गावाच्या टोकाचा तो मोठा पांढरा बंगला 'किंग'. बोट आणि परवाना विकून किंग गबर झालेला. बायको वारलेली, मुलगी कॅनडात. चर्चच्या कारभाऱ्यांत पहिल्या बाकावर बसणारा, कायम तोंडात पेपरमिंट, कायम कडक कॉलर. गावात सँडी, अॅलेक अशी त्याच नावाची छोटी रूपं पुष्कळ, पण अख्खं 'अलेक्झांडर' म्हणून हाक मारावी असा माणूस तो एकटाच.

"पेटी समुद्राने दुखवलेल्यांसाठी आहे," किंग म्हणाला होता. "ज्याने स्वतःच्या हाताने पेला उचलला त्याच्यासाठी नाही. उद्या प्रत्येक बेवडा दारात उभा राहील."

बस्स. बेलाचे कान पेटले.

"तांडेल, सोळा वर्षांचा होता सँडी, तुमच्या बोटीवर पहिल्या फेरीला आला तेव्हा. पहिल्या फेरीचा पेला त्याच्या हातात कुणी दिला? पोरगं नको म्हणत होतं, तर अख्खी बोट हसली. तुम्ही म्हणालात, पी, म्हणजे गडी होशील. झाला की गडी! आणि आता म्हणता स्वतःच्या हाताने उचलला?"

किंग वळला. टोपी घातली आणि निघून गेला. मग डॉड उठला, 'मॉर्निंग स्टार'चा तांडेल, ज्याचं किंगशी वर्षानुवर्षं पटत नाही. तो म्हणाला, माझ्या बोटीची पेटी लिही बेला. एकामागून एक सगळे हो म्हणाले. केंद्राला अर्धे पैसे आधी द्यायचे होते, ते महिन्याभरात जमले. उरलेल्यासाठी पेट्या चालूच होत्या.

पण एक गोष्ट बेलाने केली होती, जिचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पेट्यांवर तिने 'शेव्ही' लिहिलं नव्हतं. खडू हातात घेतला आणि बाप आठवला, जीवरक्षक बोटीचा म्होरक्या. भर वादळात ज्याने परक्या माणसांना ओढून काढलं, त्या शेव्हीचं नाव या कामासाठी लिहायचं तिच्या जिवावर आलं. तिने लिहिलं, 'ए. पिरी'. केंद्रालाही फोनवर सांगितलं ते तेवढंच. अलेक्झांडर पिरी, सीटाउन, पोर्टलॉगी.

एवढी तोंडाची फाटकी बाई, आणि लाजली ती नेमकी नको तिथे.

"मी दुकानापर्यंत जाऊन येते," ती म्हणाली. "हललास तर तंगडी मोडीन."

सीटाउन या धक्क्यालगतच्या वस्तीतली घरं बांधली त्या क्रमाने क्रमांक घेऊन बसलेली, गल्लीत रांगेने नव्हे. चारच्या शेजारी नव्वद, नव्वदच्या मागे अकरा. परका माणूस आला की पत्ता विचारायला दुकानातच येतो. दुकानात डोलिना वर्तमानपत्रं लावत होती.

"डोलिना, एखादी गाडी आली होती का गं? बाहेरगावची?"

"आली की. पोरगेलासा ड्रायव्हर. अलेक्झांडर पिरीचं घर विचारत होता. दाखवलं मी."

"कुठलं दाखवलंस?"

"म्हणजे काय? किंगचं! दुसऱ्या कुणाला अलेक्झांडर म्हणतं का कुणी इथे?" डोलिनाने मग बेलाच्या लाल कानांकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "बेला, काय झालं? गेला की तो त्या गाडीतून. कोट घालून, हातात छोटी बॅग घेऊन. मला वाटलं, चर्चच्या कसल्या सभेला चाललाय."

बेलाच्या अंगाचा तिळपापड झाला. कळलं सगळं! गाडी चुकून त्याच्या दारी गेली, आणि हा लबाड मुद्दाम बसला. तिथे जाऊन सांगणार, हे पैसे गावाचे आहेत, बेवड्यावर उधळायचे नाहीत. गोदामात जे जमलं नाही ते तिथे करणार.

ती घरी आली ती शेडची मासळीची व्हॅन घेऊनच. मालकाला विचारलं नव्हतं. विचारेल नंतर.

"बस," ती सँडीला म्हणाली.

"ही गाडी?"

"ही गाडी. वास येत असेल तर नाक धर."

समुद्र मागे पडला, बटाट्याची शेतं गेली, चढ लागला. सँडी थरथरत होता. एका वळणावर पेट्रोल पंप आला, शेजारी दारूचं दुकान.

"बेला, थांब जरा. पाणी घेतो."

"पाणी मागे बाटलीत आहे."

"तुझा माझ्यावर विश्वास नाही."

"अजिबात नाही," बेला म्हणाली आणि गाडीचा वेग वाढवला. "प्रेम आहे. विश्वास तिथून घेऊन ये."

सँडी हसला. खूप दिवसांनी हसला, आणि हसताहसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बेलाने रस्त्यावरून नजर हलवली नाही. हलवली असती तर तिचंही आलं असतं.

ग्लेनफर्नचं केंद्र म्हणजे जुनं दगडी घर, समोर कोबीचे वाफे. दारात मुख्य परिचारिका भेटली, मोरॅग नावाची, रुंद खांद्यांची, शांत बाई.

"मी बेला पिरी. हा माझा भाऊ, अलेक्झांडर पिरी."

मोरॅगने सँडीकडे पाहिलं. "अलेक्झांडर पिरी मघाशीच आले. चहा दिलाय त्यांना."

"तो नव्हे! तो दुसरा! कुठाय तो? काय काय सांगितलं त्याने तुम्हाला?"

"सगळंच सांगितलं," मोरॅग म्हणाली. "एवढं खरं बोलणारा माणूस पहिल्या दिवशी सहसा मिळत नाही."

बेला थांबलीच नाही. सँडीला बाकावर बसवलं आणि ती दार ढकलून आत शिरली. बोलायचे शब्द तिने वाटेतच धार लावून ठेवले होते.

किंग खिडकीशी बसला होता. कोट खुंटीला, टोपी मांडीवर. समोर चहाचा कप होता आणि तो कप उचलायचा प्रयत्न करत होता. दोन्ही हातांनी. कप बशीवर वाजत होता, चहा सांडत होता, आणि ओठांपर्यंत काही केल्या पोचत नव्हता.

बेला दाराशीच थांबली. हे हात ती ओळखत होती. रोज सकाळी तिच्या स्वयंपाकघरात टेबलाशी असेच हात असायचे.

"ये पोरी," किंग म्हणाला. "तूच सांगितलंस ना यांना? मला वाटलंच. गोदामात मी बोलायला उठलो तेव्हा तुला वास आला असणार."

किंगने कप खाली ठेवला.

"माझी मार्जरी गेल्यापासून नव्हे, मी खूप आधीपासून पितो. तिला माहीत होतं. पेपरमिंट तिनेच लावून दिलं. चर्चमध्ये सगळे म्हणायचे, किंग किती नेमाने पेपरमिंट चघळतो, जुन्या वळणाचा माणूस." तो हसला, कोरडं. "आज त्या पोराने दार वाजवलं. म्हणाला, मिस्टर पिरी, तुमची जागा तयार आहे, तुमच्या माणसांनी सगळी सोय केलीय, चला. मला आधी राग आला. मग वाटलं, माझी माणसं? माझी कोण माणसं? म्हणजे कुणीतरी आहे. मी कोट घेतला. बेला, गेल्या वीस वर्षांत मला एवढं हलकं वाटलं नव्हतं."

आता काय करायचं? खरं सांगितलं तर म्हातारा उठून जाईल. कुणाला काही कळलेलं नाही हे कळलं की कॉलर ताठ करून घरी जाईल, आणि एक दिवस त्या पांढऱ्या बंगल्यात पेपरमिंटच्या डबीशेजारी मरून पडेल. आणि नाही सांगितलं तर बाहेर बाकावर सँडी. मागे दारात मोरॅग उभी होती. बेलाने तिच्याकडे वळून विचारलं, "जागा किती आहेत?"

"एक. दुसरी महिनाअखेरीला रिकामी होईल."

एक. बेलाने लांब श्वास घेतला. खोटं बोलायला तिला कधी जमलं नव्हतं, आणि आज शिकायची तिची इच्छा नव्हती. तिने स्टूल ओढलं आणि किंगसमोर बसली.

"तांडेल, कुणी काही सांगितलेलं नाही. मला वासबीस आला नव्हता. गाडी आमच्या सँडीसाठी आली होती. मी नाव अर्धंच सांगितलं, लाजेपायी शेव्ही म्हणाले नाही, आणि डोलिनाने तुमचं दार दाखवलं."

किंगच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने खिडकीबाहेरच्या कोबीकडे तोंड फिरवलं.

"म्हणजे गावात कुणालाच माहीत नाही."

"मघापर्यंत नव्हतं. आता मला आहे. आणि माझं तोंड तुम्हाला माहीत आहे, पण हे मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही हवं तर परत जा, चर्चच्या सभेला गेला होतात असं डोलिना स्वतःच सगळ्यांना सांगत असेल."

"आणि परत नाही गेलो तर?"

"तर महिनाअखेरपर्यंत माझ्या घरी राहायचं. सँडीची खोली रिकामी आहे. चादर खरखरीत आहे, जेवण साधं आहे, आणि मी पहाटे उठवते. पण एकट्याने त्या बंगल्यात राहायचं नाही, ते मी चालवून घेणार नाही."

"दारू एकदम बंद करायची नाही मात्र," मोरॅग दारातून म्हणाली. "तुमच्या डॉक्टरशी मी आजच बोलते. औषध घेत, हळूहळू, आणि रोज कुणीतरी तपासायला हवं."

"ऐकलंत?" बेला म्हणाली. "आता ठरवा. माझी व्हॅन चोरीची आहे."

किंग उठला. टेबलाला धरून उठला, खुंटीवरचा कोट घेतला, आणि दोनदा चुकून तिसऱ्यांदा बाहीत हात घातला. बाहेर बाकावर सँडी बसला होता. किंगला पाहून तो ताडकन उभा राहिला, अंगात मुरलेली बोटीवरची सवय.

"तांडेल? तुम्ही इथे काय करताय?"

"तुझी जागा गरम करत होतो," किंग म्हणाला. मग त्याचा आवाज फुटला. "पोरा, पहिला पेला मी दिला तुला. नको म्हणत होतास तू. मला आठवतंय. मला रोज आठवतं. गोदामात तुझ्या बहिणीने म्हणायच्या आधीपासून आठवतं."

सँडी एक पाऊल पुढे आला. त्याने फक्त हात पुढे केला. दोन थरथरते हात एकमेकांत अडकले, आणि गंमत म्हणजे थोडा वेळ दोन्ही स्थिर राहिले.

"जा आत," किंग म्हणाला. "चहा बरा असतो. उचलायला मात्र वेळ लागतो."

सँडी आत गेला. दारातून त्याने वळून पाहिलं. बेलाने हाताने हाकललं, जा, जा, म्हणून, आणि दार बंद झाल्यावर कोबीच्या वाफ्याशी उभं राहून घळाघळा रडली. किंग शेजारी उभा होता. त्याने खिशातून पेपरमिंटची डबी काढली, पाहिली आणि वाफ्यात रिकामी केली.

"अहो, केंद्राचा कोबी आहे तो!" बेला नाक पुसत म्हणाली.

"सुगंधी होईल."

परतीच्या वाटेवर दोघं फारसं बोलले नाहीत. पंपाशी किंगने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि बेलाने वेग वाढवला. गाव दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "उद्या लिलावाला मी येणार."

"कशाला?"

"काम आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर नेहमीसारखी गर्दी. बर्फावर हॅडक मासे चमकत होते, सीगल आरडाओरडा करत होते. बेला सँडीच्या पेटीशी उभी होती. किंग आला तेव्हा आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग त्याने टोपी काढली. लिलाववाला बोलताबोलता थांबला, कारण धक्क्यावर टोपी काढून उभं राहायचं ते एकाच गोष्टीसाठी.

"मी पेटी मागायला आलोय," किंग म्हणाला. आवाज फुटत होता, पण धक्क्याच्या टोकापर्यंत पोचत होता. "माझ्यासाठी. मला दारू सुटत नाही. महिनाअखेरीला ग्लेनफर्नला जाणार आहे. शेव्हीच्या सँडीसारखा."

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "तुम्हाला पेटी कशाला तांडेल? तुम्ही अख्खा धक्का विकत घ्याल!"

दोघं-चौघं हसले. किंगही हसला.

"खरं आहे. पैसा आहे माझ्याकडे. पेटीचे येतील ते दुसऱ्या कुणाला द्या, सँडीच्या बाकीत टाका. मला पैसा नकोय. मला पेटी हवीय."

बेलाला वाटलं, आता नाही म्हणाले तर म्हातारा इथेच कोसळेल. तिने डॉडकडे पाहिलं. डॉड दोन्ही हात खिशात घालून किंगकडे बघत होता. त्याच डॉडला किंगने एकदा भर चर्चमध्ये खाली पाहायला लावलं होतं. डॉडने एक पेटी निवडली, चांगल्यातली, मोठ्या हॅडकची, आणि पायाने ती ढकलत ढकलत किंगच्या पायाशी आणली.

"लिहा," डॉड म्हणाला. "आणि नीट वाचता येईल असं लिहा. गोंधळ नको."

किंग खाली वाकला. खडू बोटांत नीट राहत नव्हता, तरी त्याने कुणाला लिहून द्यायला सांगितलं नाही. अक्षरं वेडीवाकडी आली, पण ठळक आली. 'किंग'. अख्ख्या धक्क्याने वाचलं.

मग त्याने खडू बेलापुढे धरला. बेलाने आपल्या पेटीवरचं 'ए. पिरी' हाताच्या मुठीने पुसलं, ओल्या लाकडावरून पुन्हा पुन्हा पुसलं, आणि बापाच्या नावाची अक्षरं लिहिली, जितकी मोठी बसतील तितकी. 'शेव्ही'. तिचे कान लाल झाले होते, पण या वेळी कुणी वाट बदलली नाही. लिहून झाल्यावर तिने खडू किंगला परत दिला, कारण तोवर दुसऱ्या बोटीचा तांडेल किंगसाठी आपली पेटी ओढत घेऊन आला होता.